तंतुकणिका म्हणजे पेन्सिल सेल नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत आरोग्याच्या पानावर ‘पेशींची बॅटरी चार्ज करा’ या मथळ्याचा लेख वाचला. सोबत चित्र होते. पेशीच्या पोटात भोपळ्याच्या बीसारखी एक तंतुकणिका (म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया), तिच्या एका टोकाला अधिकचे चिन्ह, दुसऱ्या टोकाला उणेचे, मधोमध विजेचा पिवळा बाण. भिंतीवरच्या घड्याळात घालतो तो पेन्सिल सेल असतो ना, डिट्टो. त्याच पानाच्या तळाशी, लेखाच्याच टायपात आणि लेखाच्याच रंगात, ‘मायटोकॉन्ड्रियाला नवसंजीवनी’ देणाऱ्या एका पावडरीची माहिती आणि फोन नंबर. ‘जाहिरात’ हा शब्द शोधायला मला भिंग घ्यावे लागले. सापडला, नाही म्हणत नाही. उजव्या कोपऱ्यात, उभा, मुंगीच्या पायाएवढा.

वाचकांनी दोनशे शब्दांत लिहावे असा आपला नियम आहे आणि आजवर मी तो पाळला आहे. या वेळी जमणार नाही. हवे तर हप्त्याहप्त्याने छापा, नाही तर टोपलीत टाका, पण टाकण्यापूर्वी वाचा.

एवढे लांबण लावण्याचे कारण घरगुती आहे. आमच्या हिच्या भिशीत ती पावडर आली. एका मैत्रिणीने आणली, दुसरीला ‘फरक जाणवला’, आणि दिवाळीनंतरच्या भिशीत सहा डबे खपले. त्यातला एक आमच्या ओट्यावर आला, किंमत २,८५० रुपये, महिनाभर पुरतो. ही गेले तीन-चार महिने दमत होती. दोन जिने चढले की कठड्याला टेकायची. त्यामुळे मी डब्याबद्दल काही बोललो नाही. एकावन्न वर्षांच्या संसारात कुठे बोलू नये एवढे समजते. पण आपण त्या पावडरीला विज्ञानाचा अंगरखा चढवलात, तेव्हा मात्र राहवेना.

मी जीवशास्त्राचा माणूस नव्हे. माझा सगळा जन्म जलविद्युतमध्ये गेला, त्यातली बरीच वर्षे कोयनेला, पोफळीच्या भूमिगत विद्युतगृहात. तंतुकणिकांशी ओळख झाली ती दोन वर्षांपूर्वी, नात अकरावी सायन्सला गेली तेव्हा. ती म्हणाली, “आजोबा, पुस्तकात लिहिलंय की हे पेशीचं पॉवरहाऊस. तुम्ही पॉवरहाऊसमध्ये होतात ना, मग सांगा, आत काय असतं?” मी पुस्तक उघडले. आत ‘ऊर्जा निर्माण होते’ असे वाक्य होते, कशी होते ते नव्हते. आमच्या खात्यात एखाद्या ज्युनिअरने ‘विद्युतगृहात वीज निर्माण होते’ एवढाच अहवाल दिला असता तर त्याला मी पुन्हा बोगद्यात पाठवले असते. म्हणून स्वतःच वाचायला बसलो. भाचा संशोधनक्षेत्रात आहे, तो कागद छापून आणून देई. सहा महिने लागले आणि शेवटी मी जे पाहिले ते ओळखीचे निघाले. ती बॅटरी नाही. ते धरण आहे.

आता एक योगायोग सांगतो, ज्यामुळे मी हे प्रकरण सोडूच शकलो नाही. हा धरणाचा विचार ज्याने प्रथम मांडला तो पीटर मिचेल नावाचा इंग्रज. ‘नेचर’ या नियतकालिकात त्याचा पाच पानांचा लेख आला तो ८ जुलै १९६१ च्या अंकात. तारीख वाचून मी चष्मा काढला. त्यानंतर चौथ्या दिवशी, बुधवारी, १२ जुलैला, पानशेत फुटले.

तेव्हा मी नऊ वर्षांचा, नारायण पेठेत वाड्यात राहणारा. सकाळी गल्लीतून कोणीतरी ओरडत गेले, “धरण फुटलं, पळा!” वडिलांना ती अफवा वाटली, आईला नाही वाटली. तिने धाकट्याला कडेवर घेतले, मला मनगटाला धरले आणि पर्वतीची वाट धरली. पायऱ्यांवर आम्ही शेकडो माणसांत बसून होतो. दोन दिवसांनी परत आलो तेव्हा वाड्याच्या भिंतीवर, देवाच्या कोनाड्याच्याही वर, गाळाची सरळ रेघ होती, ओळंब्याने मारावी तशी. कणगीतले गहू फुगून तिचे तोंड फाटले होते. आणि गंमत अशी की एवढे पाणी गावातून गेल्यावर पुढे कित्येक दिवस प्यायला पाणी नव्हते, कारण खाली खडकवासलाही फुटले होते. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून पानशेतचा खचता बांध सकाळपर्यंत थोपवला नसता तर मी हे पत्र लिहायला उरलो नसतो. पुढे पूरग्रस्तांच्या सोसायट्या झाल्या, त्यांतल्याच एकीत, सहकारनगरला, आजही राहतो.

हे विषयांतर वाटेल. नाही. पुढे लागते.

तंतुकणिकेला दोन पटले असतात, एक बाहेरचे, एक आतले. आतले पटल घड्याघड्यांचे, कारण थोडक्या जागेत जास्त भिंत बसवायची आहे. आपण खाल्लेल्या भाकरीतले ग्लुकोज पेशीद्रवात तुटते, त्याचे पायरुविक आम्ल आत येते, क्रेब चक्रात त्याचा कार्बन सुटून कार्बन डायऑक्साइड बनून जातो आणि उरतात ते जादा ऊर्जेचे इलेक्ट्रॉन. हा भाग शाळेत पाठ करून घेतात, म्हणून मी भराभर पुढे जातो. खरी यंत्रसामग्री इथून सुरू होते.

हे इलेक्ट्रॉन आतल्या पटलात बसवलेल्या प्रथिनांच्या मोठ्या संचांतून एकाकडून दुसऱ्याकडे उतरत जातात. उतरताना जी ऊर्जा सुटते तिच्यावर तीन संच पंपासारखे चालतात आणि प्रोटॉन आतून बाहेर, दोन पटलांमधल्या फटीत, फेकतात. मुख्य वाहकाने (एनएडीएच) आणलेल्या इलेक्ट्रॉनांच्या एका जोडीमागे दहा प्रोटॉन. म्हणजे पटलाच्या एका बाजूला प्रोटॉनांचा साठा चढतो, दुसऱ्या बाजूला खोल राहतो. ज्यांनी घाटघरचा उदंचन प्रकल्प पाहिला असेल त्यांना वेगळे सांगायला नको: खालच्या तलावातले पाणी पंपाने वरच्या तलावात चढवायचे आणि गरज लागली की टर्बाइनमधून खाली सोडायचे. घाटघरला पंप विजेवर चालतो, इथे इलेक्ट्रॉनांच्या उतरणीवर. बाकी हिशेब तोच.

मग आपण श्वास का घेतो? हा प्रश्न नातीने विचारला आणि उत्तर मला कोयनेत सापडले. विद्युतगृह चालायला वरून पाणी येणे जेवढे गरजेचे, तेवढेच खालून ते निघून जाणेही. आमचे अवजल बोगद्यातून वाशिष्ठीला जाते. तो बोगदा तुंबला तर वर शिवसागर काठोकाठ भरलेला असूनही यंत्रे बंद. पेशीत तो अवजल बोगदा म्हणजे ऑक्सिजन. उतरून थकलेले इलेक्ट्रॉन तो घेतो, प्रोटॉन घेतो आणि पाणी बनतो. आपल्या अंगात असे रोज पाव लिटरच्या वर पाणी तयार होते, नळाला न जाता. सायनाइड माणसाला मारते ते नेमके हेच तोंड बुजवून. रक्तात ऑक्सिजन असतो, पेशीत अन्न असते, आणि तरी सगळी साखळी जागच्या जागी थांबते.

आता त्या अधिक-उणेच्या चिन्हांबद्दल. आपल्या चित्रकाराला मी अर्धे गुण देतो, कारण पटलावर विद्युतदाब खरोखरच असतो. फक्त तो डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत नसतो. तो आत आणि बाहेर असतो, पटलाच्या आरपार. दीडशे ते एकशे ऐंशी मिलिव्होल्ट. हे ऐकून कोणी हसेल. पेन्सिल सेलसुद्धा दीड व्होल्टचा. पण पटलाची जाडी पाहा: पाच-सहा नॅनोमीटर. दाबाला जाडीने भागले तर मीटरमागे सुमारे तीन कोटी व्होल्ट येतात.

हा आकडा आला तेव्हा मी भागाकार तीनदा तपासला. आम्ही ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची बीडीव्ही चाचणी घ्यायचो, म्हणजे किती विद्युतदाबाला तेल हार मानते ते पाहायचो. एका भांड्यात तेल, त्यात दोन इलेक्ट्रोड, मध्ये बरोबर अडीच मिलिमीटर अंतर, आणि दाब हळूहळू चढवत जायचा. तेलात ओल असेल, कचरा असेल तर तीस केव्हीलाच, म्हणजे तीस हजार व्होल्टलाच, आत निळी ठिणगी पडून ‘चट’ असा आवाज येतो. उत्तम गाळलेले तेल साठपर्यंत टिकते. साठ केव्हीला अडीच मिलिमीटरने भागा, मीटरमागे दोन कोटी चाळीस लाख व्होल्ट. म्हणजे फिल्टर मशिनवर रात्र जागवून आम्ही जे तेल तयार करायचो, त्याची जिथे शिकस्त होते त्याच्याही पुढच्या दाबावर तुमच्या-माझ्या पेशीतले हे पटल जन्मभर, दिवसरात्र, उभे आहे. आणि तेही स्निग्धच पदार्थाचे, म्हणजे तेलाचेच म्हणा. साधी हवा असती तर दहाव्या हिश्शाला ठिणगी पडली असती.

असा दाब मागे असल्यावर प्रोटॉनांना आत यायचे असते, पण पटल त्यांना येऊ देत नाही. एकच रीतसर वाट आहे आणि तिथे टर्बाइन बसवले आहे. मी शब्दाशी खेळत नाही. खरोखरचे फिरणारे चक्र आहे ते. पटलात एक कडे असते, सस्तन प्राण्यांत आठ पाकळ्यांचे. प्रत्येक पाकळीवर एक प्रोटॉन बसतो, चक्राबरोबर फिरतो आणि आतल्या बाजूला उतरतो. कड्याला मधोमध दांडा जोडलेला, किंचित वाकडा, मोटारच्या क्रँकशाफ्टसारखा. तो सहा फोडींच्या एका स्थिर गोळ्यात फिरतो. दांडा ज्या फोडीला रेटतो तिची घडण बदलते आणि त्या रेट्यात एडीपी आणि फॉस्फेट एकमेकांना चिकटून एटीपी होते, म्हणजे पेशी आपली कामे ज्याच्यावर चालवते तो रेणू. एका फेऱ्यात तीन एटीपी. उंची साधारण वीस नॅनोमीटर. वेग सेकंदाला शंभराच्या घरात, म्हणजे मिनिटाला सहा हजार. आपल्या ५० हर्ट्झच्या जाळ्यावर कुठलेच सिंक्रोनस यंत्र मिनिटाला तीन हजारांच्या वर जात नाही. आमची कोयनेची चक्रे तर काही शेकड्यांतच.

यावर माझाही विश्वास बसला नव्हता. पण १९९७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ते डोळ्यांनी पाहिले. त्यांनी तो गोळा काचेवर उलटा चिकटवला, वर आलेल्या दांड्याला चमकणारा प्रथिनाचा एक तंतू काटा म्हणून जोडला, एटीपी टाकले आणि सूक्ष्मदर्शकाखाली काटा फिरताना दिसला. नेहमी एकाच दिशेला. ‘एटीपी टाकले’ हे शब्द नीट वाचा. घाटघरचे यंत्र जसे एकीकडून टर्बाइन आणि उलटे फिरवले की पंप, तसेच हेही. त्यांनी ते उलटे चालवून दाखवले. त्याच वर्षी पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना या यंत्राबद्दल रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मिचेलला १९७८ मध्येच मिळाले होते, एकट्याला, सतरा वर्षे लोकांनी त्याला खुळ्यात काढल्यावर. मधल्या काळात तब्येत बिघडली म्हणून त्याने विद्यापीठ सोडले, कॉर्नवॉलमध्ये एक पडका वाडा घेतला, स्वतः गवंड्यांवर देखरेख करत दोन वर्षे तो दुरुस्त केला आणि जेनिफर मॉयल या सहकारी बाईंबरोबर तिथेच प्रयोगशाळा थाटली. वाडा दुरुस्त करणारा माणूस मला का आवडला, ते पेठेत वाढलेल्यांना कळेल. एटीपी हा रेणूही १९२९ मध्ये ज्यांनी शोधला त्यांत आपले भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते, हार्वर्डमध्ये फिस्के यांच्याबरोबर. पावडरीच्या माहितीला जागा निघते, तशी कधी त्यांनाही काढावी.

इथे नातीच्या परीक्षेचा एक पेच सांगून टाकतो. एका ग्लुकोजपासून किती एटीपी? तिच्या वहीत ३८. नव्या मोजणीत ३० ते ३२. मधले कुठे गेले? जुन्या लोकांनी इलेक्ट्रॉन आणणाऱ्या दोन तऱ्हेच्या वाहकांमागे पूर्णांकात तीन आणि दोन एटीपी धरले होते. प्रत्यक्षात अडीच आणि दीड भरतात. त्याचे एक कारण, कच्चा माल आत आणायला आणि तयार एटीपी बाहेर पाठवायलाही प्रोटॉन खर्च होतात. आमच्याकडे याला ऑक्झिलरी कन्झम्प्शन म्हणत: विद्युतगृहाचे स्वतःचे दिवे, पंखे, पंप. ते वजा न करता आकडा कळवला की वरून मेमो यायचा. नातीला मात्र म्हटले, “परीक्षेत ३८ च लिही. मार्क देणारा माणूस कोयनेला नव्हता.”

आता पावडरीकडे येतो. त्या डब्यावर लिहिलेले सगळे खोटे आहे असे नाही, हीच त्यातली मेख आहे. त्यात कोएन्झाइम क्यू-१० आहे. हा पदार्थ खरा, तो पटलात इलेक्ट्रॉन एका संचाकडून पुढच्याकडे पोचवतो. पण निरोगी शरीर तो स्वतःच बनवते. काही थोड्यांना जन्मजात तो बनवता येत नाही, त्यांना औषध म्हणून तो द्यावा लागतो, डॉक्टरच्या देखरेखीखाली. बाकीच्यांचे काय? बेअरिंगला तेल कमी असेल तर यंत्र तापते, मान्य. पण तेलाची पातळी बरोबर असताना वर आणखी दोन डबे ओतले म्हणून मेगावॉट वाढल्याचे मी तरी पाहिले नाही.

याहून मोठी चूक ‘चार्ज करा’ या शब्दांत आहे. एटीपी साठवून ठेवता येत नाही. कुठल्याही क्षणी अंगात ते फार तर पाव किलो असेल, आणि दिवसभरात मात्र माणूस जवळपास आपल्या वजनाइतके एटीपी करतो आणि मोडतो. तोच रेणू दिवसातून शेकडो वेळा भरतो, रिकामा होतो. ही आमच्या कंट्रोल रूमचीच गोष्ट आहे. वीजही साठत नाही. संध्याकाळी साडेसहाला घराघरांत दिवे लागले की कळव्याच्या भार प्रेषण केंद्रातून फोन यायचा, “पोफळी, लोड घ्या,” आणि नोझलच्या सुया मागे सरकून चक्रावरचे पाणी वाढायचे. रात्री अकराला उलटा फोन. मागणी नसताना पाणी सोडले तर यंत्र नुसते सैरावैरा पळेल.

पेशीत हा फोन एडीपी करते. तुम्ही जिना चढलात, स्नायूंनी एटीपी मोडले, एडीपी सुटून तंतुकणिकेत परत आली की चक्र फिरते, साठा उतरतो, पंप सुरू होतात, अन्न जळते, श्वास वाढतो. तुम्ही आरामखुर्चीत बसून राहिलात तर एडीपी फारशी येत नाही. चक्र मंदावते, पलीकडे प्रोटॉन काठोकाठ चढतात, पंपांना तो दाब रेटवत नाही, वाहक भरलेलेच राहतात, आणि वरून येणारे अन्न चरबीच्या कोठारात जमा होते. त्यावर आणखी चमचाभर पावडर घातली तर काय होईल? कोठाराचे भाडे वाढेल.

विद्युतगृहांची संख्या वाढवायची असेल तर मागणी वाढवावी लागते, दुसरा रस्ता मला सापडला नाही. १९६७ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला जॉन होलोझी यांनी उंदरांना काही आठवडे पट्ट्यावर पळवले आणि त्यांच्या स्नायूंतल्या तंतुकणिकांची श्वसनाची क्षमता जवळजवळ दुप्पट झालेली मोजली. उंदरांना वेगळी कुठली पावडर दिलेली नव्हती.

आणि आता पानशेत. आपल्या लेखात शेवटी ‘मायटोकॉन्ड्रियाची गती वाढवून वजन घटवा’ असे एक वाक्य होते. लेखिकेने ते सहज लिहिले असेल. पण ही गती वाढवणारे एक रसायन खरोखर होऊन गेले आहे, म्हणून मी हे सहज सोडत नाही. डायनायट्रोफेनॉल. पिवळी भुकटी, स्फोटकांच्या कारखान्यातली. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगार बारीक होत, घामाने निथळत, तापाने फणफणत मरू लागले. पुढे १९३३ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी हीच भुकटी वजन घटवायचे औषध म्हणून पुढे आणली. वजन घटले, अगदी खरे. हजारो लोकांनी गोळ्या घेतल्या. काहींना मोतीबिंदू झाले, काही अंगातल्या उष्णतेने मेले. १९३८ च्या अन्न-औषध कायद्यानंतर ती तिथे बंद झाली, पण आजही चोरून विकली जाते आणि माणसे मरतात.

ती करते काय? प्रोटॉनला कडेवर घेते आणि पटलातून थेट पलीकडे नेऊन सोडते. चक्राला वळसा घालून. धरणाला भगदाड पाडते. साठा उतरतो म्हणून पंप जिवाच्या आकांताने चालतात, अन्न भसाभस जळते, आणि चक्र मात्र फिरत नाही. पाणी तेच, उंची तीच. काम शून्य, सगळी नुसती उष्णता. मिचेलचा लेख मी जेव्हा या जागी वाचला तेव्हा मला ती कोनाड्यावरची गाळाची रेघ दिसली. तेच पाणी मुठेतून रीतसर, कालव्याने, नळाने आले असते तर शहराला महिनोन् महिने पुरले असते. ते एका दिवसात आले.

निसर्ग मात्र हीच युक्ती बेताने वापरतो. तान्ह्या बाळाला थंडीत कुडकुडता येत नाही. त्याच्या खांद्यांपाशी तपकिरी चरबी असते, तिच्यातल्या तंतुकणिकांच्या पटलात एक वेगळे प्रथिन दार म्हणून बसवलेले असते. थंडी वाजली की दार उघडते, प्रोटॉन चक्राला टाळून आत येतात, ऊब होते, दार मिटते. तो सांडवा. खडकवासल्यातून विसर्ग सोडणे वेगळे आणि खडकवासला फुटणे वेगळे, हे पुणेकराला समजावून सांगावे लागत नाही.

एक गोष्ट राहिली, छोटी आहे. तंतुकणिकेला स्वतःचा डीएनए असतो, जेमतेम ३७ जनुकांचा, आणि तो फक्त आईकडून येतो. नात माझ्या मुलीची मुलगी. म्हणजे तिच्या अंगातली सगळी विद्युतगृहे आमच्या सासूबाईंकडून आली. जन्मभर विद्युतगृहे चालवलेल्या माणसाचा त्यात वाटा शून्य. हे वाचून दाखवले तेव्हा ही बऱ्याच दिवसांनी मनापासून हसली.

आपल्याकडे मागणी एवढीच आहे. एक, ‘जाहिरात’ हा शब्द आडवा आणि मथळ्याच्या टायपात छापावा. दोन, ते चित्र पुन्हा छापणार असाल तर टोकांची चिन्हे पुसून अधिकचे चिन्ह आतल्या पटलाबाहेर आणि उणेचे त्याच्या आत काढावे. चित्रकाराला शंका असेल तर मी येऊन सांगेन, संध्याकाळी सहानंतर मोकळा असतो. तीन, गती वाढवून वजन घटवण्याचे ते वाक्य मागे घ्यावे, आणि मागे घेतल्याचे त्याच पानावर कळवावे.

हिच्या दमण्याचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासले. हिमोग्लोबिन ९.१. लोह कमी. रक्तातून ऑक्सिजन वाहायला लोह लागते एवढे मला माहीत होते. ते तंतुकणिकेतल्या त्या इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या संचांनाही जागोजागी लागते, हे या वाचनात कळले. म्हणजे अवजल बोगदाही अरुंद आणि यंत्रातल्या तारांनाही धातू कमी. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. रोज सकाळी मी तिला तळजाईवर नेतो. आधी पायथ्यापर्यंत, मग निम्म्यापर्यंत, आता पठारावर मोराचा आवाज ऐकून परत. गेल्या आठवड्यात हिमोग्लोबिन ११.४ भरले. डबा संपायला आला होता, त्यामुळे ती पावडरही त्याच काळात चालू होती. काल भिशीत हिने सांगितले की फरक जाणवला. आणखी चार डब्यांची ऑर्डर गेली आहे.

याच कारणाने कृपया माझे नाव छापू नये.

आपला,
एक निवृत्त जलविद्युत अभियंता,
सहकारनगर, पुणे